आईचा पांढरा तेरडा

आई काल गेली. सोसायटीच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे कमळाचे फोटो टाकू नका, प्लीज.

ज्यांनी तिचा तेरडा उपटला त्यांनी तर नकोच.

आई उरणकडची. तिच्या माहेरच्या अंगणात पांढरा तेरडा व्हायचा, भरगच्च पाकळ्यांचा. त्या अंगणावर आता कंटेनर यार्ड आहे. बी तेवढं आईकडे राहिलं.

दरवर्षी ती पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमागे, कंपाउंडच्या कडेला पेरायची. त्याचीच गौर आणायची. जुनं बी धड उगवत नाही, म्हणून असेल ते सगळं पेरायचं आणि नवं धरून ठेवायचं.

यंदा रोपं वीतभर झाली तेव्हा मला खाली नेऊन दाखवलं.

"देठ बघ. हिरवा हाय ना? म्हंजे पांढरा. गुलाबी असता तर देठ लालसर असता."

मी म्हटलं, फूल आलं की कळेलच की.

"फूल आल्यावर कोणालाबी कळतं."

गणपतीच्या तोंडावर कमिटीने साफसफाई काढली. कळ्या धरल्या होत्या हो. आई खाली पोचेपर्यंत सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "काकू, गवत होतं ते. मच्छर होतात."

आणि गौरीच्या दिवशी हेच सेक्रेटरी मार्केटमधून तेरड्याची जुडी घेऊन आले. मिसेसनी दारात हळदकुंकू लावलं, थाळी वाजवत आत नेली.

आई आमच्या दारातून बघत होती.

"तुमी घरची गौर फेकली नि बाजारातून इकत आणली," ती म्हणाली.

ते हसले. म्हातारी गंमत करतेय, असं वाटलं असणार.

मी खाली कमिटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरींशी भांडले. "एवढ्याशा गवतासाठी, ताई?" हे ऐकून वर आले.

आमच्याकडे यंदा गौर आली नाही. विकतची आई आणू देईना. मी बियांचं पाकीट मागवलं, वर पांढऱ्या फुलाचा फोटो. तिने फोडलंसुद्धा नाही.

"ठेव तुला. माज्या आयेच्या अंगणातला नाय हा."

मग ती आजारी पडली. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत.

तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात. तुमचं आरआयपी तेवढंही टिकणार नाही.

आई, तुझ्या माहेरचं शेवटचं जे होतं, ते यांनी गवत म्हणून फेकलं. मी विसरणार नाही.

तुझा राग माझ्याकडे राहू दे. तू सुखाने जा.