बुजवलेली खिडकी

रिद्धपूरच्या अलीकडच्या एका गावात शकुननं तीस वर्षं एकाच चुलीपुढे काढली. घरात गॅस होता, पण पाहुण्यांच्या चहापुरता. तिच्या नवऱ्याला, केशवरावांना, गॅसवरची भाकर चालत नसे. शकुननं तीनदा करून पाहिली आणि तिन्ही वेळा ताट सरकवून ते तसेच वांग्याच्या वावरात निघून गेले. मग तिनं नाद सोडला.

चुलीच्या वर पूर्वी खिडकी होती. अकरा वर्षांपूर्वी केशवराव आणि धाकटे वामनराव वेगळे झाले, मधल्या हातभर जागेवरून बोलाचाली झाली आणि केशवरावांनी भावाच्या अंगणाकडची ती खिडकी विटामातीनं बुजवून टाकली. धूर कुठून जाईल, हे शकुननं विचारलं नाही आणि तिला कोणी सांगितलं नाही. उरलं एक दार. तेही पश्चिमेचं, पाऊस आत मारणारं.

सून आली, करिश्मा. मुलगा शेखर अमरावतीला दुकानात कामाला, रविवारी यायचा. चूल कशी सांभाळायची ते शकुननं तिला शिकवलं. पदर कमरेला खोचून बसायचं. कपाशीच्या काड्यांची पऱ्हाटी वाळलेलीच लावायची, तीही थोडी थोडी. विस्तवावर रॉकेल कधीच ओतायचं नाही. पाण्याची बादली हाताशी हवी, आणि उठताना निखारे राखेत दाबून उठायचं.

“आणि धुराचं काय करायचं, आई?” करिश्मानं विचारलं.

“सवय होते,” शकुन म्हणाली. म्हणताना ती खोकली, आणि सुनेकडे न पाहता पीठ मळत राहिली.

करिश्माला पाचवा महिना होता, तेव्हाची गोष्ट. आठवडाभर झड लागलेली. पऱ्हाटी ओलसर झाली होती. शकुन सकाळी मिरच्या तोडायला गेली. परतली तर स्वयंपाकघराचं दार आतून लोटलेलं, आणि फटीतून धूर बाहेर येत होता. तिनं धक्का दिला. पाऊस आत येऊ नये म्हणून करिश्मानं दाराला पाटा लावला होता, तो सरकेना. शकुननं खांदा लावला. तीन-चार धक्क्यांनी पाटा हलला. आत काही दिसत नव्हतं. हातानं चाचपत ती चुलीपाशी गेली. करिश्मा भिंतीला टेकून एका कुशीवर पडली होती, पदर चुलीपासून वीतभर लांब. शकुननं तिच्या काखेत हात घालून तिला ओसरीवर ओढत आणलं, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं पोरगी खोकली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “बाळ ठीक आहे. पण ही पोरगी दोघांसाठी श्वास घेऊन राहिली. त्या खोलीत हिले बसवू नका.”

घरी शकुननं ते केशवरावांना सांगितलं. ते म्हणाले, “माया मायनं सात लेकरं याच चुलीवर वाढवली. तू कर सैपाक, तिले बसवू नको.”

“अन् खिडकी उघडली तर?”

“तिकडं वामन्याचं अंगण आहे.” एवढं बोलून ते उठले.

रात्रभर शकुनला करिश्माचा खोकला ऐकू येत होता. तो थोडाथोडा आपल्यासारखा होत चाललाय, असं तिला वाटलं. तेव्हा ती घाबरली.

सकाळी केशवराव वावरात गेल्यावर तिनं लोखंडी सब्बल आणली. भिंत तशी कच्चीच होती. दहाव्या घावाला पहिली वीट पलीकडे पडली, आणि अकरा वर्षांनी त्या बाजूनं खोलीत उजेड आला. तिनं भोकातून डोकावलं. भिंतीला लागून, टिनाच्या छपराखाली, वामनरावांच्या बैलांच्या कुटाराचा, कोरड्या भुशाचा, ढीग होता. एक ठिणगी पुरली असती.

वामनराव आवाजानं बाहेर आले होते आणि तिच्याकडे बघत उभे होते. अकरा वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ते कुटार सरकवा. इथून ठिणगी येईन.”

“दादाले सांगितलं?”

“नाही.”

वामनराव आत गेले. मग टोपली घेऊन आले आणि कुटार गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊ लागले. सगळं कुटार हलेपर्यंत शकुननं चूल पेटवली नाही.

दुपारी केशवराव आले. खिडकी पाहिली. भाकर खाल्ली, पण खिडकीकडे पाठ करून. संध्याकाळी त्यांनी खिडकीवर युरियाचं रिकामं पोतं ठोकलं.

पहाटे शकुननं खिळे उपसून ते काढलं. संध्याकाळी त्यांनी पुन्हा ठोकलं. मग रोज तेच चालू राहिलं. शेखर रविवारी आला, पोत्याकडे पाहून बापाला काही विचारायला म्हणून उठला आणि चपला घालून पारावर गेला.

करिश्माचं बाळंतपण माहेरी, अकोल्याला झालं. मुलगी झाली. निघताना तिनं सासूला विचारलं होतं, “आई, तुमी चला ना चार दिवस.”

“मी आली तर तुया सासऱ्याले भाकर कोण टाकीन?” शकुन म्हणाली, आणि हातोडी शोधायला आत गेली. सकाळ झाली होती. पोतं काढायचं होतं.