माझ्यापुढे अकरा नंबर

अखिला माझी मावसबहीण. तिच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की माझं डोकं उठतं, तरी लिहिते. टायपिंगच्या क्लासात ती मिनिटाला साठ शब्द मारायची, मी पंचेचाळीस. आणि ती तर गप्पा मारत! १९८३ साली आम्ही दोघी एकाच दिवशी तंजावरच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव नोंदवायला गेलो. रांगेतून मी पाणी प्यायला गेले, परत येते तो मधे माणसं घुसलेली. तिचा नंबर माझ्यापुढे अकरा.

आमच्या तंजावरच्या मराठी लोकांत तेव्हा नोकरी म्हणजे सरकारी. बाकीचं सगळं 'तोवर काहीतरी'. जागा निघाली की एक्स्चेंज जुन्या नंबरांपासून नावं पाठवणार. दर तीन वर्षांनी कार्डावर शिक्का मारून आणायचा. मुदत चुकली की पुन्हा शेवटून सुरुवात. अखिला पापनाशमला राहायची, मी तंजावरातच, राजवाड्यामागच्या गल्लीत. म्हणून दोघींची कार्डं माझ्याकडेच असत.

१९९२ साली मी माझं कार्ड नेलं. तिचं कपाटात होतं, तिथेच राहू दिलं. मुदत टळल्यावर तिला कळवलं, "विसरले गे."

ती ढसाढसा रडली आणि वर मलाच म्हणाली, "अय्यो, असूं दे गे. अस्की कामं तूच करतेस, एक राहिलं." त्या चांगुलपणाचा मला जास्तच राग आला.

दोन वर्षांत मला ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. घरी पायसम झालं. अखिला तेव्हा चेन्नईत हॉस्टेलवर राहून कंप्यूटर शिकत होती. तिची कीव करायची मला फार हौस होती, पण ती पुरी झाली नाही. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटचे रिपोर्ट बोलून पाठवायचे आणि चेन्नईत बसून ही ते ऐकून टाइप करायची. तिच्या साठ शब्दांना भाव आला. २००० साली तिच्या हाताखाली चाळीस मुली होत्या, आणि मी मशीनची रिबन बदलत होते. पुढे कचेरीत नवी भरतीच बंद झाली. मी जळत होते, सरळ सांगते.

माझी धाकटी बहीण सौम्या. तिचं कार्ड १९९१ पासूनचं. तिचा शिक्का मी एकदाही चुकवला नाही, अंगात ताप असताना गेले. चेन्नईच्या दोन नोकऱ्या आल्या, त्या मीच नाकारायला लावल्या. म्हटलं, खाजगी आहे, काय भरवसा? सौम्या तीस वर्षांची झाली. बोलावणं नाही.

२००३ च्या पोंगलला अखिला आली. सौम्याने विचारलं, "मला घेशील तुझ्याकडे?"

अखिला अवघडली. "आतां पंचविशीच्या आतल्याच घेतात गे. पांच वर्षांमागें सांगितलं असतंस..." मग मला बरं वाटावं म्हणून हसून म्हणाली, "ही चंद्रमती माझं कार्ड विसरली, तेंच माझं नशीब. नाहींतर मीही वाट बघत बसले असते."

तिचे आभार मला सोसवेनात. "विसरले नव्हते," मी ओरडलेच. "तुझा नंबर माझ्यापुढे होता म्हणून मुद्दाम नेलं नाही!"

अखिलाने कॉफीचा टंबलर खाली ठेवला. बोलली ती सौम्या, आणि तीही हळू.

"मग अक्का, माझं का नेत राहिलीस?"