मेंदूला कुंकू

गाडी आणली की तो गाडीकडे बघायचाच नाही. आधी आणणाऱ्याच्या चपलांकडे बघायचा, मग पचकन थुंकायचा आणि म्हणायचा, "गाडीत बिघाड नाही. बसणाऱ्यात आहे."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमचा मद्रासमध्ये, अयनावरमला होता. रेल्वे क्वार्टरच्या भिंतीला लागून पत्र्याचं गॅरेज. तंजावरकडचा मराठी. त्याची मराठी जुनी, ऐकायला देवळातल्यासारखी, शिव्या सोडल्या तर. एक लंगडा पोस्टमन स्कूटर घेऊन आला तर त्याला म्हणाला, "दोघांत आधी कोणाला नीट करू?" पोस्टमन हसला. न हसून सांगतो कोणाला? त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता.

मी रेल्वेच्या कारखान्यात हातोडा मारून आयुष्य काढलं. सातवी नापास. मुलगा मात्र शिकला, सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. पहिल्या पगारावर त्याने मोटारसायकल घेतली, ती नवीन तऱ्हेची, कार्बोरेटर नसलेली. एवढ्यावर भागलं नाही. बाजारातून एक काळा डबा आणून सीटखाली बसवला. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते हा डबा ठरवणार, गाडी जोरात पळणार.

आईने विचारलं, "हे काय रे?"

"आई, हा गाडीचा मेंदू."

गाडी पळाली खरी. मग मधेच मरायला लागली. भर रस्त्यात, मागे लॉरी असताना, एकदम गप्प. एकदा लॉरीवाल्याने इतक्या जवळ येऊन ब्रेक मारला की मुलाच्या पाठीला लॉरीच्या तोंडावरची फुलांची माळ लागली. हे त्याने हसत सांगितलं. बायकोने त्या दिवसापासून संध्याकाळचं जेवण सोडलं. तो दारात गाडी लावेपर्यंत घास उचलायची नाही.

गाडी त्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने चपला बघितल्या, थुंकला. पेट्रोल खराब म्हणाला, टाकी रिकामी केली. मग प्लग बदलला. मग पंप खोलला. डबा काढून गाडी फिरवली तर छान पळाली. डबा परत लावला, तरी छान पळाली. चार दिवसांनी पुन्हा मेली. त्याने एकेक वायर हलवून बघितली, सीट उचलून डब्याला शिव्या दिल्या. डब्यावर हळदकुंकू होतं, पण त्यात काय बघायचं? मद्रासला कुठल्या गाडीला हळदकुंकू नसतं?

"डबा फेकून दे," तो मुलाला म्हणाला.

"डब्याला काही झालेलं नाही. तुम्हाला सापडत नाही," मुलगा म्हणाला.

हे त्याला लागलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी तो स्वतःच आमच्या दारात आला. गाडी नुकतीच पूजा होऊन उभी होती. त्याने सीट उचलली, डब्याच्या वायरचं कनेक्टर ओढून काढलं. आतून पिवळं पाणी ठिबकलं. पिना हिरव्या पडलेल्या.

"शुक्रवारी या गाडीला हात कोण लावतं?"

बायको पुढे आली. म्हणाली, "मी लावते. मेंदू आहे ना, म्हणून कपाळासारखं कुंकू लावते. तीर्थ शिंपडते."

"आणि गाडी बंद पडली की?"

"मग जास्त शिंपडते."

तो इतका हसला की गल्ली जमा झाली. त्याने हात करून सगळ्यांना बोलावलं. "वांगो, वांगो! या, बघा! अम्मा, पोराला मारायचंच होतं तर भातात विष घालायचं. दर शुक्रवारी एवढी मेहनत कशाला?"

मी त्याला मारायला धावलो. मुलगा आडवा आला. मुलगाही हसत होता.

बायको एक शब्द बोलली नाही. आत गेली. त्यानंतर ती गाडीला कधी शिवली नाही. मुलगा निघाला की दोन्ही हात पदरात गुंडाळून पायरीवर उभी राहायची, चुकून लागतील म्हणून.

डबा गॅरेजवाल्याने त्याच दिवशी काढून नेला. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. डबा मात्र गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला, कुंकवासकट. येईल त्या गिऱ्हाइकाला तो दाखवायचा. "हा मेंदू. एका अम्माने पूजा करून मारला." मी त्या बाजूने जाणंच सोडलं.

वर्ष-दीड वर्षाने बायको गेली. पोटात काहीतरी होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगा बदली घेऊन परदेशी गेला. फोनवर मी तिचा विषय काढला की म्हणतो, "बाबा, राहू दे ना." शेजारचेही तिचं नाव टाळतात. माझ्यावर उपकार करतात जणू.

एक दिवस चालत सुटलो तो त्याच्या गॅरेजपाशी थांबलो. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. एक चप्पल माझी होती, एक तिची. तो थुंकला नाही. स्टुलाकडे बोट करून म्हणाला, "उक्कार. बस."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याने डबा खाली काढला. मला वाटलं, आज तरी गप्प बसेल. कुठला! सगळं सांगितलं, मी समोर असताना. आणि त्याच्या गोष्टीत माझी बायको गप्प नव्हती. पळी उगारून त्याच्या अंगावर धावली होती. "तुझ्या हाताला देव नाही म्हणून गाडी मरते," असं त्याला सुनावत होती.

मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच. दर वेळी ती जास्त भांडायची. एकदा मी मधेच म्हणालो, "आधी हळद लावायची, मग कुंकू."

"गोष्ट तू सांगतोस की मी?" तो खेकसला. पण पुढच्या गिऱ्हाइकाला हळद आधी सांगितली.

गेल्या पोंगलनंतर शटर उघडलंच नाही. झोपेतच गेला म्हणे. त्याच्यासाठी कोणी रडल्याचं ऐकलं नाही. त्याच्या मेव्हण्याने सगळं सामान भंगारात दिलं. मी डबा मागायला गेलो तर म्हणाला, "कुठला डबा?"

आता तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. मी जातो, थोडा वेळ उभा राहतो. दुकानदार आजोबा समजून विचारतो, "काय पाहिजे, ताता?" काय सांगू?

आता माझ्या बायकोला कोणी हसत नाही.