व्होल्टमीटरच्या पोटातले कुंकू

पितृपक्षातली दुपार अक्कलकुव्यात फार सावकाश उतरते. महामार्गावरच्या वाहनांचा घोष दूरवरच्या पाण्यासारखा ऐकू येतो आणि ओलसर उजेडात माझ्या टेबलावरची जुनी यंत्रे ध्यानस्थ बसल्यासारखी भासतात. आयुष्यभर मी शाळेत संस्कृत शिकवले. पाठशाळेच्या दिवसांत रेडिओ जुळवण्याचा छंद लागला होता. उतारवयात त्यालाच पालवी फुटली. जुनी मापनयंत्रे दुरुस्त करावी आणि त्यांचे माप पुन्हा प्रमाणाशी जुळवावे, ही आता माझी दुपारची उपासना आहे.

अशाच एका दुपारी धानोऱ्याची एक बाई दिराच्या मोटारसायकलवरून आली. मांडीवर धोतराच्या फडक्यात बांधलेला, विजेचा दाब मोजणारा, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा व्होल्टमीटर होता. तिचे यजमान गावात रेडिओ आणि स्टॅबिलायझर दुरुस्त करीत. अखेरच्या काळात त्यांनी दुरुस्त केलेले स्टॅबिलायझर वाजवीपेक्षा जास्त दाब सोडू लागले. सख्ख्या भावाचा, या दिराचाच, टीव्ही जळाला. मोतीबिंदू काढल्यापासून दादाला काटा दिसत नाही, असे त्यानेच गावात सांगितले आणि दुकानाला कुलूप लागले. पुढे यजमान गेले. आता त्यांची श्राद्धतिथी जवळ आली होती आणि त्याआधी तिला एवढेच जाणून घ्यायचे होते की चुकले कोण.

“गुरुजी,” ती म्हणाली, “त्यास्ना डोया खोटा व्हतात का हाई मीटर खोटं शे, तेवढं सांगा.”

दीर उंबऱ्याजवळच बसला. यंत्राला चुकायची सवय नसते, माणसालाच असते, असे काहीसे तो पुटपुटला. तिने वळून पाहिलेही नाही.

मी वीज जोडली. व्हॉल्व्हच्या काचेत तांबूस तेज उगवले, निरांजनाची वात धरू लागावी तसे. या जातीच्या यंत्राला घाई चालत नाही. ते तापेपर्यंत काटा भटकतो, मग हळूहळू शून्यावर येऊन थांबतो. मीही थांबलो. ज्याचा दाब खात्रीने ठाऊक होता असा स्रोत जोडला, तेव्हा काट्याने खरे सांगितले नाही. तो खालीच राहिला. मोजमापाची पट्टी बदलली की चूकही बदलत होती. यंत्र अंगणातल्या उन्हात ठेवले, तेव्हा काटा किंचित वर आला. सावलीत आणताच पुन्हा खचला. ओल धरणारे काहीतरी पोटात होते.

मागचा पत्रा काढला आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

पट्टी बदलण्याच्या स्विचवर, त्याच्या बारीक पितळी दातांमध्ये, कुंकवाचा थर होता. तिने सांगितले, दर खंडेनवमीला अवजारे पुजताना यजमान यंत्र उघडून, त्याचे हृदय म्हणून, नेमके तिथेच ओले कुंकू लावीत. नवा टिळा जुन्यावर चढत गेला होता. सर्वांत वरच्या टिळ्यावर बोटाच्या रेषा अजून उमटलेल्या होत्या. चातुर्मासाच्या दमट हवेत तो थर ओला होई आणि त्यातून वीज झिरपे. म्हणून काटा कमी दाखवी, म्हणून ते दाब वाढवीत, आणि भोगणारा टीव्ही कुठेतरी जळे.

मी तिला तसे सांगितले. पण हा अंदाज होता, निर्णय नव्हे. खात्री हवी तर कुंकू धुवावे लागणार होते.

ती स्विचकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, “हाई बोट त्यास्नं शे. घरमा त्यास्नी दुसरी काही खूण नही.”

मी तिला सांगितले की आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जनही आपलाच धर्म सांगतो. निर्माल्य काढले म्हणून पूजा पुसली जात नाही. पण आग्रह धरला नाही. तो माझा अधिकार नव्हता. ती उठून रांजणापाशी गेली, हात धुऊन आली. मी अक्षता दिल्या. तिने त्या यंत्रावर वाहिल्या आणि माझ्या हातातला स्पिरिटचा कापूस स्वतः मागून घेतला. मी दिवा धरला. एकेका दातातून तिने कुंकू टिपले, तान्ह्याचे डोळे पुसावे तसे. लाल झालेला कापूस पळसाच्या पानात गेला, तापीत सोडण्यासाठी. बोटाच्या रेषा पुसताना तिचा हात थबकला; मग त्याही गेल्या.

स्विच उन्हात वाळवला. पुन्हा तेज उगवले, पुन्हा काटा भटकला, शून्यावर आला. स्रोत जोडला. काटा चढत गेला आणि जिथे थांबायला हवे तिथेच थांबला. मी पट्ट्या बदलत गेलो. प्रत्येक ठिकाणी तो खरे बोलला.

“मंग डोया बराबर व्हतात त्यास्ना?”

डोळे बरोबर होते आणि हातही बरोबर होता, मी म्हणालो. श्रद्धा मात्र नको त्या जागी बसली होती.

ती हसली, डोळ्यांत पाणी असताना. “पूजा करीसन देवनाच गळा दाबी टाका म्हना की.”

दीर केव्हाचा उठून टेबलापाशी आला होता. त्याने मला काटा पुन्हा एकदा दाखवायला सांगितले. मी दाखवला. त्याचा चेहरा काचेत त्या तांबूस उजेडाजवळ दिसत होता.

“वहिनी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “दुकान मीच बंद कराले लायं.”

तिने पळसाचे पान पदरात बांधले. “माले काय सांगस?” ती म्हणाली. “तिथीले घास ठेवशी, तव्हय त्यास्ले सांग.”

त्याने मान हलवली. मी वीज बंद केली. काचेतला उजेड लगेच गेला नाही. तो विझेपर्यंत आम्ही तिघेही तिथेच उभे राहिलो.