चाल लावणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई रामटेके समोरच्या माणसाला एकच वाक्य दोनदा बोलायला लावत. लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी असो, पाण्याच्या बाटल्या पोचवणारा बंगाली माणूस असो की मस्कतच्या रुवी भागातला टॅक्सीवाला, कोणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. "परत बोला ना," म्हणायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. माझी त्यांची पहिली भेट माझ्या दुकानात झाली. रुवीत माझं नळ, शॉवर, बेसिन अशा सामानाचं दुकान आहे. त्या स्वयंपाकघरासाठी नळ घ्यायला आल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "ताई, हा घ्या. हा जन्मात गळायचा नाही."

त्यांनी डोळे मिटले. "परत बोला."

मला वाटलं, बाईंना कमी ऐकू येतं. मी मोठ्याने बोललो.

"ओरडून काय राहिले तुम्ही? ऐकू आलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही 'गळायचा नाही'वर आवाज असा खाली सोडता, जसं काही शपथ घेऊन राहिले. कुठले तुम्ही?"

"रत्नागिरीकडचा."

"तरीच," असं म्हणून त्यांनी नळ नीट न बघताच घेतला. नाव विचारलं. नईम म्हटल्यावर त्या क्षणापासून मी त्यांचा नईमभाई झालो.

त्या संगीतकार आहेत हे मला नंतर कळलं, तेही त्यांच्या नवऱ्याकडून. दिलीपभाऊ इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एका कंपनीत वीज उपकेंद्रांची कामं बघायचे. दोघंही नागपूरचे. कॉलेजातल्या नाटकांत प्रमिलाताई संगीत करायच्या आणि दिलीपभाऊ प्रकाशयोजना. "ही अंधारात पेटी वाजवायची, आणि मी तिच्यावर चुकून लाइट टाकायचो," दिलीपभाऊ सांगत. "चुकून," प्रमिलाताई मान हलवत म्हणायच्या, "इतकी वर्षं हेच सांगून राहिला."

नागपुरातून त्या मुंबईला गेल्या. नाटकांना संगीत दिलं, साबणाच्या आणि चहाच्या जाहिराती केल्या, मग एक चित्रपट मिळाला. त्यातलं लग्नाचं गाणं इतकं चाललं की वरातीत बँडवाले दुसरं काही वाजवेनात. माझ्या स्वतःच्या लग्नात ते वाजलं होतं, आणि ते या बाईंचं असेल अशी मला पुसटशीही कल्पना नव्हती. मी तसं सांगितलं तेव्हा त्या फारशा खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या गाण्यानेच माझा घात केला. पुढचा प्रत्येक निर्माता म्हणायचा, तसंच द्या. मी तसंच दिलं. मग ते म्हणायला लागले, तुमचं सगळं सारखंच वाटतं." पुढे रेकॉर्डिंगची पद्धत बदलली. पूर्वी वादक समोर बसत, चूक झाली की हसत, पुन्हा वाजवत. आता एका खोलीत एका मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये सगळा वाद्यवृंद. "मला कोणी काढून टाकलं नाही, नईमभाई. फोन यायचे थांबले. संगीतकाराची नोकरी अशीच जाते. कळवत नाही कोणी." दिलीपभाऊंना मस्कतची नोकरी मिळाली तेव्हा त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या.

मी हौसेने नाटकं लिहितो. शाळेत लागलेली सवय सुटली नाही. इथली आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून मुलांचं नाटक बसवतो. त्या वर्षी मुलं सहलीला ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला जातात आणि नारळाच्या बागेत हरवतात, असं नाटक मी लिहिलं होतं. त्यात एक गाणं, छान यमकं जुळवलेलं. प्रमिलाताईंना चाल लावायला दिलं. त्यांनी ते वाचलं आणि तालमीला येऊन दोन दिवस नुसत्या कोपऱ्यात बसून राहिल्या. माझी मुलगी सना नाटकात होती. आमची मुलं आपसांत इंग्रजी बोलतात. सना मराठी बोलायला लागली की मध्येच अडते आणि हात हवेत फिरवत म्हणते, "मला ना... ते... ते काय म्हणतात त्याला?"

दुसऱ्या दिवशी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नईमभाई, गाणं सुंदर आहे. पण हे तुमचं गाणं आहे. ही पोरं असं बोलत नाहीत."

"त्यांना मराठी यावं म्हणूनच तर नाटक," मी म्हणालो.

"येईल ना. पण आत्ता जेवढं आहे तेवढ्याने त्यांना गाऊ द्या की. वाक्याला स्वतःची चाल असते. आपण फक्त ती बिघडवायची नाही."

आणि त्यांनी सनाच्या अडखळण्याचंच गाणं केलं. "मला ना... मला ना... ते हवंय... काय म्हणतात त्याला?" प्रत्येक ओळीत मूल जिथे खरोखर अडतं तिथे त्यांनी जागा सोडली होती. त्या रिकाम्या जागेत ढोलकीचा एक ठोका, की पुन्हा शब्द. काही पालक कुरकुरले. एक गृहस्थ म्हणाले, हे तर आपल्याच मुलांची थट्टा केल्यासारखं आहे. पण प्रयोगाच्या दिवशी पोरांनी ते गाणं असं काही म्हटलं की तेच गृहस्थ डोळे पुसताना दिसले. सना आयुष्यात पहिल्यांदा मराठी बोलताना घाबरली नाही. मला विचाराल तर त्या बाईंचं सगळ्यात मोठं काम तेच, असं मी तेव्हा म्हणालो असतो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मुंबईहून फोन आला. नाटकांच्या दिवसांत बॅकस्टेजला राबणारा एक जण आता दिग्दर्शक झाला होता. त्याला त्याच्या चित्रपटाचं सगळं संगीत ताईंकडूनच हवं होतं. ताईंना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानात येऊन त्या शॉवरच्या खोक्यावर बसल्या आणि टेबलावर बोटांनी ठेका धरत मला एक चाल ऐकवली. गिऱ्हाईक थांबलं होतं, तेही ऐकत राहिलं. दिलीपभाऊंनी विमानाचं तिकीट काढलं. "जा आणि आता एकदा तसंच नको देऊस," ते म्हणाले.

ताई निघायच्या आधीच्या आठवड्यात दिलीपभाऊ कामासाठी मस्कतबाहेर, इब्रा गावी गेले होते. साइटवर उभे असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या सुपरवायझरने मला फोन केला, कारण ताईंना काय आणि कसं सांगावं हे त्याला सुचेना. मी गाडीत ताईंना घेऊन मस्कतच्या हॉस्पिटलात पोचलो तोवर त्यांनाही तिकडून आणलं होतं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं. समोरचं सगळं कळत होतं, डोळ्यांत ते दिसत होतं. पण तोंड उघडलं की फक्त "हां, हां" एवढंच यायचं. आयुष्यभर साइटवर चार भाषांत ओरडणारा माणूस एका "हां"वर आला होता.

डॉक्टरांनी धीर धरायला सांगितलं. ताई रोज जायच्या, दाढी करायच्या, भरवायच्या. एके दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा त्या चमच्याने सूप भरवत होत्या आणि नकळत गुणगुणत होत्या. पोरांचंच गाणं होतं ते. "मला ना... मला ना..." आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत पलंगावरून आवाज आला, "ते हवंय."

चमचा ताईंच्या हातातच राहिला. मी खुर्चीवरून उठलो होतो, मग पुन्हा बसलो. ताईंनी आवाज स्थिर ठेवून पुढची ओळ धरली आणि सोडून दिली. दिलीपभाऊंनी ती पूर्ण केली. "काय म्हणतात त्याला?" शब्द स्वच्छ होते. मग त्यांनी नुसतं बोलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा "हां, हां" झालं. ते रडायला लागले. ताई रडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते.

तिथे एक मल्याळी स्पीच थेरपिस्ट होती. तिने समजावलं की असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधी कधी उघडी राहते. साध्या वाक्यांना सूर द्यायचा, रुग्णाचा डावा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षराला हलकी थाप द्यायची आणि हळूहळू सूर कमी करत जायचा. "पण मला मराठी येत नाही," ती म्हणाली. "ते काम तुम्हालाच करावं लागेल."

दिग्दर्शकाने बरेच आठवडे वाट पाहिली. शेवटी त्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताईंच्या शेजारीच उभा होतो. तो मस्कतहूनच काम पाठवा म्हणत होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "गाणं बसवायला माणसाच्या समोर बसावं लागतं रे. माझ्यासमोर सध्या एकच माणूस आहे. तू दुसरं कोणी बघ. मनापासून सांगून राहिली मी." फोन ठेवला. मग पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसल्यावर तोंडाला ओढणी लावून खूप रडल्या. "खलास, नईमभाई," म्हणाल्या. "मला फार करायचा होता तो चित्रपट. मी चांगला केला असता." थोड्या वेळाने त्यांनीच गाडी सुरू करा म्हटलं.

घरी आणल्यावर त्या कामाला लागल्या. "पाणी दे", "चष्मा कुठंय", "उशी वर कर" अशा वाक्यांना चाली. पहिले काही दिवस सगळंच फसलं. दिलीपभाऊ तोंड फिरवायचे. एकदा तर डाव्या हाताने त्यांनी पेला ढकलून दिला. ताई स्वतःवरच चिडल्या होत्या. मला म्हणाल्या, "चूक माझीच आहे. मी लाडाच्या चाली लावल्या. साठीला आलेल्या इंजिनिअरला अंगाईसारखं 'पाणी दे' म्हणायला लावलं, तर तो पेला फेकणार नाही तर काय?"

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. दिलीपभाऊ पूर्वी कसं बोलायचे ते आठवायला लागल्या. "चष्मा कुठंय" म्हणताना त्यांचा आवाज शेवटी वर जायचा, आधीच जरा वैतागलेला. साइटवर माणसांना हाकारताना पहिला शब्द लांब आणि दुसरा तुटक. ताईंनी ते सूर जसेच्या तसे उचलले, फक्त थोडे ठळक केले. मला, सनाला, दिलीपभाऊंच्या ऑफिसातल्या माणसांना विचारायच्या, "दिलीप हे कसं म्हणायचा? म्हणून दाखवा." त्यांच्या बैठकीत मी स्वतः बसलो आहे. ताई डाव्या हातावर थाप देत म्हणायच्या, "यल्ला... यल्ला..." आणि एक दिवस दिलीपभाऊ, त्यांच्याच जुन्या दमदार सुरात, "यल्ला, चलो!" ताई हसता हसता जमिनीवर बसल्या. त्या दिवसापासून ते शिकायला तयार झाले. चिडणं चालूच होतं, पण आता शिकताना चिडायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, "ताई, इतक्या चाली केल्यात आयुष्यात. या आताच्या चालींना काय म्हणायचं?"

त्या विचार करून म्हणाल्या, "नाटकासाठी चाल लावताना मी पात्र कसं असेल याची कल्पना करून लावायची. चित्रपटात निर्मात्याला काय हवंय ते बघून. या चाली मात्र माणूस बघून लावल्या. आणि चुकली तर लगेच कळतं. तहान लागलेला माणूस खोटी वाहवा करत नाही."

दिलीपभाऊंची नोकरी अर्थातच संपली, आणि नोकरीबरोबर इथलं राहणंही. सामान आवरताना ताईंनी पेटी सनाला दिली. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसलेल्या दिलीपभाऊंनी माझा हात धरला. ताईंनी थाप दिली आणि ते सुरात म्हणाले, "येतो... आम्ही." मी "इन्शाल्ला, भेटू" म्हणालो. माझा आवाज काही सुरात नव्हता. ताई पुढे झाल्या, "जय भीम, नईमभाई," म्हणाल्या आणि खुर्ची ढकलत आत गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मलाही ते बरं वाटलं.

नागपूरहून त्यांचे फोन येत असतात. तो चित्रपट दुसऱ्या कोणाच्या संगीताने पूर्ण झाला. ताईंनी तो पाहिला, संगीत चांगलं आहे म्हणाल्या, आणि विषय बदलला.

गेल्या महिन्यात दुकानात असताना फोन वाजला. ताई असतील म्हणून उचलला. पलीकडे दिलीपभाऊ होते. त्यांनी घसा खाकरला आणि हळूहळू, एका अनोळखी सुरात, म्हणाले, "नईम... दुकान... कसं चाललंय?"

मी बोलायच्या आत ताईंनी फोन घेतला. त्यांना धाप लागली होती. "नईमभाई, ही चाल माझी नाही. हे वाक्य मी त्याला दिलंच नाही. सकाळपासून खिडकीत बसून काहीतरी पुटपुटून राहिला होता, मला वाटलं जुनंच काही असेल. त्याने स्वतः लावली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "जरा बेसूर आहे. पण मी हात लावणार नाही."

फोन पुन्हा त्यांच्याकडे गेला. मी म्हणालो, दुकान बरं चाललंय दिलीपभाऊ, अल्लाची कृपा आहे. मी घाई केली नाही. मग तोच सूर पुन्हा आला, या वेळी जरा पक्का.

"आणि... सना?"