पालथी सहाण

मी क्वालिटीतला माणूस. सणसवाडीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं गेज आणि मायक्रोमीटर हातात घेऊन काढली. जे मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नसायचंच. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी विचारायचो, "रीडिंग किती आलं?" लोक चिडायचे... मला मजा यायची. या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर हसत हसत वाचत आलोय. म्हणून मी लिहायला बसलेला पाहून बायको म्हणाली, "लिहा, पण स्वतःची चूक लपवू नका." नाही लपवणार.

गोष्ट दोन हजार तीन सालची. आम्ही तेव्हा सणसवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. वर पत्रा, आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि एकच जाळीची खिडकी. माझे वडील, आप्पा, पाटसच्या अलीकडे कालव्याकाठी राहायचे. आम्ही धनगर. आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं, मग जमिनीचा तुकडा घेऊन ऊस लावला आणि एका जागी बसले. बय, म्हणजे माझी आई, तीन वर्षांपूर्वी गेली होती.

त्या वर्षी आप्पांना कॅन्सर निघाला, तोही मणक्यापर्यंत पोचलेला. पुण्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बरं करता येणार नाही, पण दुखू देणार नाही." मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळी आठ, रात्री आठ. तिथल्या सिस्टरनी मला समोर बसवून सगळं समजावलं, एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. मी मान डोलावत होतो आणि डोक्यात चाललं होतं, सेकंड शिफ्ट कुणाबरोबर बदलून घ्यायची.

आप्पा आमच्याकडे आले ते घोंगडी, काठी आणि बयची सहाण घेऊन. काळा, जड दगड, खाली तीन आखूड पाय, वरून झिजून खोलगट झालेला. मेंढरांबरोबर गावोगाव फिरताना ती घोडीच्या पाठीवर असायची. आमच्या सगळ्या भावंडांची गुटी तिच्यावरच उगाळलेली. माझी बायको सुनीता शिरूरकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. ती हसून म्हणाली, "मामा, हे ओझं कशाला आणलं?"

"आसू दे," आप्पा म्हणाले. "तिची हाय."

गोळ्यांनी चमत्कार केला म्हणायला हरकत नाही. जो माणूस कुशीवर वळताना ओरडायचा, तो भाकरी मागायला लागला. मी गोळ्यांचा डबा कुलपात ठेवायचो, किल्ली माझ्या खिशात. एवढं जपलं, फक्त पाकिटावर काय छापलंय ते वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी आप्पांच्या तोंडाला फोड आले आणि गोळी गिळवेना. एका रविवारी सकाळी आठची गोळी दोनदा बाहेर आली. अकरापर्यंत ते दाताखाली घोंगडीचं टोक धरून कण्हत होते. सुनीता म्हणाली, "मधात उगाळून देऊ का? लहान पोराला देतो तशी?"

मला ते एकदम पटलं. गोळी पोटात जाऊन विरघळणारच, मग इथंच विरघळवली तर बिघडतं काय?

तिनं सहाण धुऊन ओट्यावर ठेवली आणि मधाची बाटली न्यायला बाहेरच्या खोलीत आली. परत आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, सहाण पालथी तुम्ही घातली व्हय?"

"मी इथं आप्पांजवळ बसलोय."

दोन मिनिटांनी ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "सुलटी केली, वर गोळी ठेवली, चमचा घ्यायला वळले... परत तसंच."

मी आत गेलो. ओट्यावर सहाण पालथी होती, मेलेल्या जनावरासारखे तिन्ही पाय वर. उचलली तर खाली गोळी, अख्खी. साधा चरासुद्धा नाही.

"आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून वर पाटी पालथी घालतात," सुनीता हळूच म्हणाली. "मामांना बोलावणं आलंय हो."

मी तिच्यावर खेकसलो. ओटा उतरता असेल म्हणून बॅगेतली स्पिरिट लेव्हल काढून लावली. बुडबुडा बरोबर मधोमध. तिला बाहेर बसायला सांगितलं, खिडकी लावून घेतली, सहाण स्वतःच्या हातानं सुलटी ठेवली, गोळी वर ठेवली. भर दुपारचे बारा वाजत आले होते. थेंबभर पाणी घ्यायला माठाकडे वळलो.

ठक्.

पडल्याचा आवाज नव्हता तो. कुणीतरी जपून ठेवल्याचा होता. मी वळलो... पालथी. आणि खोलीत ओल्या लोकरीचा वास. बारा फूट लांबी-रुंदीच्या त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि तरी आपल्या अगदी जवळ कुणीतरी उभं आहे, हे मला आतून कळत होतं. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात बाहेर आप्पा किंचाळले. त्या आवाजानं माझ्या भीतीचा राग झाला. मी सहाण सुलटी केली, डाव्या हातानं सगळं वजन टाकून दाबून धरली आणि गोळी रगडली. दगड खालून हाताला रेटा देत होता. किती, ते मोजता आलं नाही. पण देत होता.

मधात कालवून ते बोटानं आप्पांना चाटवलं. थोडं ओघळलं, बाकीचं गेलं.

तासाभरात ते शांत झोपले. आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. मग घोरणं जड झालं. मग मधेमधे थांबायला लागलं. मी घड्याळ लावून श्वास मोजले. एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ओठ काळपट, हाक मारली तर ओ नाही. पापणी उघडून पाहिली, तर बुबुळातला काळा ठिपका मोहरीपेक्षा लहान.

समोरच्या एसटीडी बूथवरून सिस्टरना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "गोळी अख्खी गिळली ना?"

"उगाळून दिली..."

"अहो, ती गोळी बारा तास हळूहळू सुटते. तुम्ही बारा तासांचं औषध एकदम पोटात घातलंत. मी सांगितलं होतं, फोडायची नाही, चावायची नाही. गिळता येईना तर फोन करायचा होता! बोलत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलला न्या, कागद आणि पाकीट बरोबर घ्या."

शेजारच्या खोलीत बिहारचा रामसुरत राहायचा, टेम्पो चालवायचा. त्यानं नुसतं आप्पांकडे पाहिलं. "चाचा को उठाइए भैया, गाड़ी लाता हूँ।" टेम्पोत सुनीता सारखी म्हणत होती, "मामा, श्वास घ्या... मामा, श्वास घ्या." नगर रोडवरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाकीट बघितलं आणि लगेच उतारा पडेल असं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत मॉनिटरवरून नजर हलवली नाही. मी बाकावर बसून ते पाकीट वाचलं. बारीक अक्षरात छापलं होतं, गोळी तोडू नका, चुरडू नका. ड्रॉइंगवरचा मायक्रॉन न चुकवणारा मी, बापाच्या गोळीवरच्या दोन ओळी वाचल्या नव्हत्या. मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी आप्पा बोलायला लागले तेव्हा सुनीतानं रडत रडत त्यांना सहाणेचं सांगितलं.

"तुझ्या आदी एक पोरगी व्हती," ते मला म्हणाले. "तवा मेंढरांमागं लांबचा पल्ला असला की बाया पोरास्नी आफूचं बोट चाटवायच्या. पोर निजून ऱ्हायचं. त्या दिशी तुझ्या बयनं दिलं, आन् तिला ठावं नसताना माझ्या आईनं बी दिलं. पोरगी उठलीच न्हाई."

मला अशी एक थोरली बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"तवापासून औशिद दिऊन झालं की ती सहाण पालथी घालायची. पालथी म्हंजी झालं, आता कुणी हात लावायचा न्हाई. मरेस्तवर तिची ही सवय मोडली न्हाई." मग म्हणाले, "या गोळीत बी आफूच आसती म्हनं ना रं?"

मी मान डोलावली.

पुढं डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, दर चार तासांनी, मापाच्या सिरिंजनं. मी भिंतीला वही टांगली. दिलं की वेळ लिहायची, सही करायची. सहाण सुलटी करून वरच्या फळीवर ठेवली आणि भीतीनं आम्ही दोघांनीही तिला पुन्हा हात लावला नाही.

महिन्याभरानं मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो. सुनीता दळणाला गेली होती, आप्पा अर्धवट झोपेत. वहीत दोनची ओळ कोरी होती.

"आप्पा, दोनचं औषध घेतलं का?"

"ठावं न्हाई रं..."

मी मापानं सिरिंज भरली. तोंडाशी नेताना सहज नजर वर गेली.

सहाण पालथी होती.

मी सिरिंज खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो. अर्ध्या तासानं सुनीता आली. "दोनला दिलं की मी. लिहायला गेले तर पेन चालंना, म्हटलं आल्यावर लिहू." मी बोटानं फळी दाखवली. तिनं पिठाचा डबा तिथंच खाली ठेवला.

आप्पा उन्हाळ्यात गेले. दुपारी, झोपेत, न दुखता.

ते गेल्यावर मी तीच सहाण त्याच ओट्यावर आठवडाभर ठेवली, शेजारी केसभर हालचालही दाखवणारं डायल गेज लावून. रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात होते, पत्रा हलत होता. रीडिंग शून्य. आता कुणी मला विचारलं तर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि शोधायची हिंमतही उरलेली नाही. मला अजून भीती वाटते ती त्या पालथ्या दगडाची नव्हे. त्या दुपारी बयनं माझा हात धरला होता आणि मी जोर लावून तो झटकला, याची वाटते.

हल्ली मला बीपीची गोळी आहे. पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचतो. वाचून झालं, पाणी हातात घेतलं, तरी गोळी तोंडात टाकण्याआधी एकदा वर फळीवरच्या सहाणेकडे बघतो.