डायल परत येताना

त्या काळी मी नागपूरच्या ऑटोमॅटिक टेलिफोन एक्सचेंजमध्ये मेकॅनिक होतो आणि माझं लग्न जमत नव्हतं. नोकरी पक्की, पगार बरा, चेहरा चालण्यासारखा. घोडं अडत होतं ते जिभेपाशी. काटोलच्या एका पाहुण्यांना त्यांच्या रेडिओची एरियल चुकीची लावली आहे, असं मी चहा येण्याआधीच सांगितलं होतं. ते स्थळ तिथेच बारगळलं. म्हणून नरखेडकडच्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी पाहायला निघालो, तेव्हा आईने बजावलं, "आज तोंडाले कुलूप लाव. तू फक्त खा."

फोटोतली मुलगी मला फार आवडली होती. त्यामुळे कुलूप लावायची माझी खरोखर तयारी होती.

कार्यक्रम मुलीच्या मामांकडे गांधीबागेत होता. खाली कापडाचं दुकान, वर घर. रविवार असल्याने दुकान बंद होतं, म्हणून आम्हाला तिथल्या गादीवरच बसवलं. टेकतो न टेकतो तोच मुलीच्या वडिलांनी कोपऱ्यातल्या काळ्या फोनकडे हात केला.

"तुमचं एक्सचेंज बिघडलं वाट्टे. सकाळपासून एकच नंबर फिरवून राहिलो. कधी आरागिरणी लागते, कधी कोन्या बाईचं घर. ते बाई तं आता मले आवाजावरून ओळखते."

मामा हसले. मला मात्र झोंबलं. एक्सचेंज म्हणजे माझा जीव होता. उंच रॅकवर ओळीने बसवलेले, नंबर जोडून देणारे सिलेक्टर दिवसभर खडखडत असायचे. गिऱ्हाईकाने डायल फिरवून सोडली की ती परत येताना तारेतला प्रवाह तुटायचा, पाचच्या आकड्याला पाच वेळा, सातला सात वेळा, आणि इकडे आमचा सिलेक्टर तितक्याच पायऱ्या चढायचा. कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही. त्याला बिघडलेलं म्हणणं मला सहन होईना.

"पाहा, तुमच्यासमोर लावतो," म्हणत वडिलांनी डायलमध्ये बोट घातलं. ते फिरवत गेले तसा मी चपापलो. तो नंबर आमच्याच एक्सचेंजचा होता, रविवारीही ड्यूटीवर येणाऱ्या आमच्या सुपरवायझर साहेबांच्या टेबलावरचा. म्हणजे गृहस्थ सकाळपासून माझीच चौकशी करायला धडपडत होते! आणि साहेब माझ्याबद्दल काय सांगतील, याचा मला चांगलाच अंदाज होता.

शिवाय खरी गोम दिसली. ते डायल फिरवायचे, पण बोट काढायचेच नाहीत. तसंच भोकात ठेवून, अडून बसलेल्या बैलाला ढकलावं तशी ती मागे रेटायचे. बिचाऱ्या सिलेक्टरची मोजणी चुकणारच. फोन पुन्हा आरागिरणीत लागला.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी सगळं निभावलं असतं. होणाऱ्या सासऱ्यांचा मान राहिला असता आणि साहेबांपर्यंत फोनही पोचला नसता. आईने माझ्या पायावर पाय ठेवला.

"बिघडलं ना? बोला ना!" मुलीचे वडील मला म्हणाले.

"एक्सचेंज बराबर हाये, काकाजी," मी म्हणालो. पायावरचा पाय जड झाला. "तुमचं बोट घाई करून राहिलं."

मामा गादीच्या चादरीची सुरकुती काढू लागले. वडिलांचा चेहरा लाल झाला. मी घाईघाईने सांगू लागलो की डायल मागे येते तेव्हाच मशीन मोजते, पण मला माझंच बोलणं कळेनासं झालं. तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या बागेत संत्री मोजताना मोजणाऱ्याचा हात तुमी कोनाले धरू देता का? मंग ह्या मशीनचा काहून धरता? बोट काढून घ्या ना."

वडिलांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे रागाने पाहिलं. पुन्हा नंबर फिरवला. या वेळी प्रत्येक आकड्याला चटका बसल्यासारखं बोट काढून घेतलं. साहेब फोनवर आले. वडील ओरडून बोलत होते म्हणून साहेबही ओरडले, आणि सगळ्या दुकानाला ऐकू गेलं, "पोरगा सोनं हाये! पण तोंडाचा लय फटकळ. मलेबी सोडत नाही!"

वडिलांनी रिसीव्हर ठेवला. "हे तं मले आताच समजलं," ते म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले. आईचा पाय उचलला गेला.

मग रीतीप्रमाणे मामा मुलीला म्हणाले, "तुले काही विचाराचं असन तं विचार वं." अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणायच्या. हिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "अन् चूक मशीनची असती, तर इतक्याच लवकर सांगितली असती?"

मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी खरंच विचार केला. "नाही," मी म्हणालो. "आधी तुमच्या वायरवर ढकलली असती. मग उन्हावर."

ती वडिलांकडे वळली. "खोटं बोलता येत नाही यायले. मले चालते."

मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत सुटलो, आणि त्या भरात तिच्याही पायांशी वाकलो.